लिअर कोणता वाचावा, कोणता पाहावा?

(शाळेच्या हीरक महोत्सवात माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाची संहिता)



साठ वर्षांच्या वाटचालीचा आनंद साजरा करण्यासाठी जमलेल्या सभेपुढे एका शोकांतिकेचा विषय मांडणे काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. मांडव सजलेला आहे, जुने वर्गमित्र बऱ्याच वर्षांनी एकमेकांना भेटत आहेत आणि विषय मात्र वादळात भटकणाऱ्या एका वेड्या राजाचा! तथापि या विषयाचा मराठी माध्यमाच्या शाळेशी फार जवळचा संबंध आहे. मराठीतून शिकलेल्या माणसाच्या मनात एक शंका पुष्कळदा आयुष्यभर घर करून असते. जगातील थोर वाङ्मय त्याच्या मूळ भाषेत वाचता आले नाही, तर ते खऱ्या अर्थाने हाती लागते का? की अनुवाद वाचणारा, रूपांतर पाहणारा माणूस उंबरठ्याबाहेरच उभा राहतो? मुलांना कोणत्या माध्यमात घालावे याची चर्चा घरोघर होते, तेव्हा याच शंकेला वेगवेगळी रूपे मिळत असतात.

विल्यम शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' या नाटकाचा इतिहास या शंकेला फार चांगले उत्तर देतो. कारण ज्याला 'मूळ' म्हणून हात जोडावेत, तो लिअर एक नाही. निदान दोन आहेत.

कथा बहुतेकांना ठाऊक आहे. म्हातारा राजा लिअर राज्याची वाटणी करायला बसतो आणि तिन्ही मुलींना विचारतो, की त्याच्यावर सर्वांत अधिक प्रेम कोणाचे. थोरल्या गॉनरिल आणि रेगन शब्दांचा पाऊस पाडतात. धाकटी कॉर्डेलिया मोजकेच बोलते आणि तिच्या वाट्याला काहीच येत नाही. तिची बाजू घेणाऱ्या केंटला हद्दपार व्हावे लागते. पुढे थोरल्या दोघी बापाचा लवाजमा कमी करीत करीत त्याला दाराबाहेर काढतात. वादळात त्याची बुद्धी चळते. जोडीला ग्लॉस्टर नावाच्या सरदाराची कथा चालते. तो अनौरस मुलगा एडमंड याच्यावर विश्वास ठेवतो, भल्या एडगरला दूर लोटतो आणि अखेरीस डोळे गमावून बसतो. शेवटी लिअर आणि कॉर्डेलिया यांची भेट होते, पण ती वाचत नाही. तिचे प्रेत हातांवर घेऊन बाप येतो आणि तोही मरतो.

ही कथा शेक्सपिअरने रचलेली नव्हे. बाराव्या शतकातील जेफ्री ऑफ मॉनमथच्या इतिवृत्तात ती आहे, पुढे हॉलिनशेडच्या बखरीत आहे. 1605 मध्ये लंडनमध्ये 'लिअर' राजावरचे एक जुने निनावी नाटकही छापले गेले होते. त्या नाटकात राजाला गादी परत मिळते आणि शेवट गोड होतो. शेक्सपिअरच्या नाटकाचा प्रयोग 26 डिसेंबर 1606 रोजी जेम्स राजासमोर झाला. तेव्हा जुनी कथा ठाऊक असलेल्या प्रेक्षकाची अपेक्षा साहजिकच अशी असणार, की कॉर्डेलिया जिंकेल आणि बाप पुन्हा सिंहासनावर बसेल. नाटककाराने नेमकी तीच अपेक्षा मोडली. ग्लॉस्टरची उपकथाही त्याने अन्यत्र, फिलिप सिडनीच्या 'आर्केडिया'त, सापडलेल्या प्रसंगावरून आणून इथे जोडली. म्हणजे ज्याला 'मूळ' म्हणावे तेच एक रूपांतर होते.

छपाईची कथा याहून गुंतागुंतीची आहे. 1608 मध्ये हे नाटक क्वार्टो आकारात, म्हणजे कागदाचा ताव दोनदा दुमडून केलेल्या लहान पुस्तकाच्या रूपात, निघाले. शेक्सपिअर 1616 मध्ये वारला. त्यानंतर सात वर्षांनी, 1623 मध्ये, हेमिंग्ज आणि काँडेल या त्याच्या दोन नट-सोबत्यांनी त्याची नाटके एका मोठ्या ग्रंथात एकत्र आणली. तो ग्रंथ 'फर्स्ट फोलिओ' या नावाने ओळखला जातो. क्वार्टोतील आणि फोलिओतील लिअर ताडून पाहिले तर शेकडो शब्द वेगळे आढळतात. एवढेच नव्हे, तर क्वार्टोतील सुमारे तीनशे ओळी फोलिओत नाहीत आणि फोलिओतील सुमारे शंभर ओळी क्वार्टोत नाहीत.

मराठी वाचकाला पाठभेद नवे नाहीत. ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध करण्याचे काम एकनाथांनी सोळाव्या शतकात केले. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना पुण्याच्या भांडारकर संस्थेतील पंडितांनी देशभरातील पोथ्या ताडून पाहिल्या आणि ते काम 1966 मध्ये पुरे झाले. परंतु तिथे शोध असतो तो अनेक प्रतींमागच्या एका प्राचीन पाठाचा. लिअरच्या बाबतीत अनेक अभ्यासकांना निराळीच शक्यता दिसते. दोन्ही पाठ शेक्सपिअरचेच असावेत, पहिला आधी लिहिलेला आणि दुसरा प्रयोगांच्या अनुभवानंतर त्याने स्वतः फिरवलेला, असे त्यांचे म्हणणे आहे.

अठराव्या शतकापासून संपादकांनी दोन्ही पाठ एकत्र विणून एक संमिश्र संहिता तयार केली. जे जे सुंदर ते ते ठेवायचे, काहीच गमवायचे नाही, ही त्यामागची भावना. दोन-अडीच शतके शाळा-महाविद्यालयांतून हाच विणलेला लिअर शिकवला गेला. 1970 नंतरच्या काळात मायकेल वॉरन, गॅरी टेलर आदी अभ्यासकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. अशी संहिता शेक्सपिअरने कधी लिहिली नाही आणि त्याच्या काळी कोणी खेळलीही नाही, असा त्यांचा आक्षेप होता. 1986 मध्ये ऑक्सफर्डने काढलेल्या शेक्सपिअरच्या समग्र ग्रंथात दोन्ही लिअर स्वतंत्र नाटके म्हणून छापले गेले. हा वाद मिटलेला नाही. 2016 मध्ये ब्रायन व्हिकर्स यांनी अख्खा ग्रंथ लिहून लिअर एकच आहे असा प्रतिपक्ष मांडला.

सामान्य वाचकाला या पंडिती वादाचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर नाटकातील तीन जागा देतात. लिअरची कोणतीही आवृत्ती अथवा चित्रपट निवडताना या तीन जागा उघडून पाहाव्यात. निवड करणाऱ्याला त्यांच्याहून चांगली कसोटी मिळणार नाही.

पहिली जागा ग्लॉस्टरचे डोळे काढल्यानंतरची. रेगनचा नवरा कॉर्नवॉल हे क्रूर कृत्य करीत असताना त्याचाच एक नोकर पुढे होऊन त्याला अडवतो. या नोकराला नाव नाही. लहानपणापासून ज्याची चाकरी केली त्या धन्यावर तो तलवार उपसतो, त्याला प्राणघातक जखम करतो आणि रेगनच्या हातून पाठीत वार होऊन मरतो. एवढे दोन्ही पाठांत आहे. परंतु त्यानंतर क्वार्टोत आणखी दोन नोकर थोडेसे बोलतात. आंधळ्या म्हाताऱ्याच्या रक्ताळलेल्या चेहऱ्यावर लावायला जवसाचा धागा आणि अंड्यातला पांढरा बलक आणायचे ते ठरवतात आणि त्याला वाट दाखवणारा माणूस शोधायला निघतात. फोलिओत हे संभाषण नाही. तिथे म्हातारा दाराबाहेर ढकलला जातो आणि प्रवेश संपतो. एका पाठात क्रौर्यानंतर लगेच माणुसकीचा हात पुढे येतो, दुसऱ्यात येत नाही. पीटर ब्रूक या दिग्दर्शकाने 1962 मध्ये रंगभूमीवर लिअर सादर केला तेव्हा नोकरांचे हे शब्द त्याने मुद्दाम गाळले. प्रेक्षकाला दिलासा मिळू नये असाच त्याचा हेतू होता.

दुसरी जागा झोपडीतील न्यायालयाची. भ्रमिष्ट लिअर लाकडी बैठकीलाच मुलगी समजतो, भिकारी आणि विदूषक यांना न्यायासनावर बसवतो आणि खटला चालवतो. नाटकातील अत्यंत विदारक प्रसंगांपैकी हा एक, पण तो फक्त क्वार्टोत आहे. फोलिओचा लिअर वेगाने पुढे जातो.

तिसरी जागा शेवटची. कॉर्डेलियाच्या प्रेतापाशी बसलेला लिअर 'आता कधीच नाही' या अर्थाचा एकच शब्द क्वार्टोत तीनदा उच्चारतो, फोलिओत पाचदा. क्वार्टोत तो स्वतःच्या हृदयाला फुटून जाण्यास सांगतो आणि मरतो. फोलिओत तेच उद्गार केंटच्या तोंडी आहेत आणि लिअर मात्र मुलीच्या ओठांकडे सर्वांना पाहायला सांगत प्राण सोडतो. ओठ हलताहेत असे त्याला वाटले का? तो आशेने मेला की भ्रमात? फोलिओ हा प्रश्न उघडा ठेवतो, क्वार्टोत तो उद्भवतच नाही. त्यानंतरचे नाटकातील अखेरचे बोल क्वार्टोत ऑल्बनी या ज्येष्ठ सरदाराला दिले आहेत, तर फोलिओत ते तरुण एडगरच्या वाट्याला येतात. दुःखाचा समारोप वडीलधाऱ्याने करायचा की पुढच्या पिढीने, हा फरक एखाद्या शाळेच्या सभागृहात तरी किरकोळ मानता येणार नाही.

या कसोट्या मनात ठेवून आवृत्त्यांकडे वळावे. ज्याला एकच प्रत घ्यायची आहे आणि दोन्ही पाठांचे भानही ठेवायचे आहे, त्याच्यासाठी आर. ए. फोक्स यांनी 1997 मध्ये संपादित केलेली आर्डन मालिकेतील आवृत्ती सोयीची. तीत संहिता एकत्रच छापली आहे, पण केवळ क्वार्टोतील आणि केवळ फोलिओतील मजकूर बारीक अक्षरखुणांनी वेगळा दाखवला आहे. एकेक पाठ स्वतंत्र वाचायचा असेल तर जे हॅलिओ यांची 1992 ची केंब्रिज आवृत्ती फोलिओवर आधारलेली आहे आणि स्टॅनली वेल्स यांची 2000 ची ऑक्सफर्ड आवृत्ती क्वार्टोवर. समोरासमोरच्या पानांवर टिपा देणारी फोल्जर आवृत्ती नवख्या वाचकाला हाताळायला सोपी. संपादकाचे नाव नसलेली, टिपा नसलेली स्वस्त प्रत मात्र शक्यतो टाळावी. अशा प्रतींत बहुधा जुनी संमिश्र संहिताच असते आणि आपण काय वाचतो आहोत हे वाचकाला कळत नाही.

शाळकरी मुलांसाठी चार्ल्स आणि मेरी लॅम्ब या भावंडांनी 1807 मध्ये लिहिलेल्या शेक्सपिअरच्या गोष्टी आजही उपयोगी पडतात. चार्ल्स लॅम्बने लिअरची गोष्ट सांगताना ग्लॉस्टरच्या उपकथेला जवळजवळ फाटा दिला, डोळे काढण्याचा प्रसंग गाळला, पण कॉर्डेलियाचा मृत्यू बदलला नाही. बालवाचकाला किती सांगावे आणि कुठे खोटे सांगू नये, याचा हा विवेक पालकांनी लक्षात घेण्याजोगा आहे.

कारण शेवट बदलण्याचा मोह जुना आहे. 1681 मध्ये नेहम टेट याने लिअरचे रूपांतर केले. त्यात कॉर्डेलिया वाचते, तिचे एडगरशी लग्न ठरते, लिअरला राज्य परत मिळते. विदूषक तर नाटकातून नाहीसाच होतो. इंग्लंडच्या रंगभूमीवर दीडशेहून अधिक वर्षे सत्ता चालली ती या टेटच्या लिअरची. सॅम्युअल जॉन्सनसारख्या कणखर समीक्षकानेही 1765 च्या आपल्या आवृत्तीत कबूल केले, की कॉर्डेलियाच्या मृत्यूचा धक्का त्याला इतका बसला होता, की संपादनाचे काम अंगावर येईपर्यंत नाटकाचा शेवट पुन्हा वाचणे त्याला सोसले नाही. एडमंड कीनने 1823 मध्ये दुःखान्त परत आणण्याचा प्रयत्न केला. 1838 मध्ये मॅक्रेडीने विदूषकासह शेक्सपिअरचे नाटक रंगभूमीवर पुन्हा उभे केले. म्हणजे खुद्द इंग्रजी प्रेक्षकाच्या कित्येक पिढ्या 'मूळ' लिअर न पाहताच गेल्या. त्यांची भाषा इंग्रजीच होती, पण तेवढ्याने त्यांना मूळ लाभले नाही.

आता चित्रपट. इथे निवड अधिक कठीण, कारण प्रत्येक दिग्दर्शक संपादकाहून अधिक निर्दयपणे कात्री चालवतो. संमिश्र संहिता पूर्ण खेळायची तर तीन तासांहून अधिक वेळ लागतो, म्हणून काहीतरी गाळावेच लागते. काय गाळले यापेक्षा ते कशासाठी गाळले, हे पाहावे.

1971 या एकाच वर्षी दोन थोर लिअर पडद्यावर आले. दोन्ही कृष्णधवल आणि स्वभावाने दोन ध्रुवांवरचे. त्यांचे दिग्दर्शक ब्रूक आणि रशियाचा ग्रिगोरी कोझिंत्सेव्ह चित्रपट घडत असताना एकमेकांना पत्रे लिहीत होते, हेही लक्षणीय. ब्रूकचा चित्रपट डेन्मार्कच्या गोठलेल्या प्रदेशात चित्रित झाला. पॉल स्कोफील्डचा लिअर दगडासारखा कठोर आहे आणि त्या जगात ऊब कुठेच नाही. कोझिंत्सेव्हचा चित्रपट चिंध्या पांघरलेल्या गोरगरिबांच्या रांगेने सुरू होतो. राजवाड्यात वाटणी होते, परंतु तिचे भोग बाहेरच्या माणसांना भोगावे लागणार आहेत, हे एकही शब्द न उच्चारता कळते. एस्टोनियाचा नट युरी यार्वेत याचा लिअर देहाने लहानखुरा आणि डोळ्यांनी विलक्षण जिवंत आहे. शोस्ताकोविचचे संगीत आहे. शेक्सपिअरचा विदूषक मध्येच नाहीसा होतो, कोझिंत्सेव्हचा मात्र शेवटपर्यंत जगतो आणि उद्ध्वस्त नगरात पावा वाजवीत बसतो.

जपानच्या अकिरा कुरोसावाने वयाच्या पंचाहत्तरीत, 1985 मध्ये, 'रान' काढला. त्यात मुलींच्या जागी तीन मुलगे आहेत. म्हातारा सरदार हिदेतोरा मुलांच्या हाती बाण देऊन सांगतो, की एकेक बाण मोडतो, तिन्ही एकत्र मोडत नाहीत. धाकटा साबुरो गुडघ्यावर ठेवून तिन्ही बाण मोडून दाखवतो. ही मोरी मोतोनारी या सरदाराविषयीची जपानी दंतकथा, तिच्यात लिअर मिसळला. कुरोसावाने आणखी एक गोष्ट केली. लिअरच्या भूतकाळाविषयी शेक्सपिअर फारसे सांगत नाही, पण हिदेतोराने उभ्या आयुष्यात गढ्या जाळल्या, कुळे बुडवली, एका मुलाचे डोळे काढवले. म्हातारपणी त्याच्यावर जे कोसळते, ते त्यानेच पेरलेले आहे.

इंग्रजी बोलीच ऐकायची असेल तर लॉरेन्स ऑलिव्हिएने उतारवयात दूरदर्शनसाठी केलेला 1983 चा लिअर आहे. त्याची शब्दफेक आणि शरीराचा थकवा दोन्ही खरे वाटतात. रिचर्ड आयरने 2018 मध्ये अँथनी हॉपकिन्सला घेऊन आजच्या लष्करी लंडनमध्ये उभा केलेला लिअर दोन तासांच्या आत संपतो. तरुण प्रेक्षकाला तो पटकन धरतो, पण गाळणीही तितकीच मोठी आहे.

या यादीतील एक गोष्ट मराठी माध्यमाच्या माणसाने विसरू नये. जाणकार ज्यांची नावे पुन्हा पुन्हा घेतात त्या लिअरच्या चित्रपटांपैकी दोघांत शेक्सपिअरचा एकही इंग्रजी शब्द नाही. कोझिंत्सेव्हने बोरिस पास्तरनाकचा रशियन अनुवाद घेतला, कुरोसावाने जपानी संवाद नव्याने लिहवले. त्या दोघांनी उंबरठ्याबाहेर उभे राहून आत डोकावले, असे कोणीही म्हणत नाही. ते स्वतःच्या भाषेतून सरळ घरात शिरले.

मराठीनेही हे केलेले आहे. गोपाळ गणेश आगरकरांनी 1883 मध्ये हॅम्लेट 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणला. गोविंद बल्लाळ देवलांनी 1890 मध्ये ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला. लिअरच्या वाट्याला विसाव्या शतकातील दोन मोठे कवी आले. विंदा करंदीकरांनी 1974 मध्ये 'राजा लिअर' हा अनुवाद सिद्ध केला. त्याआधी 1970 मध्ये वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' रंगभूमीवर आले आणि डॉ. श्रीराम लागूंनी अप्पासाहेब बेलवलकर उभे केले. 2016 मध्ये महेश मांजरेकरांच्या चित्रपटात ती भूमिका नाना पाटेकरांनी केली.

'नटसम्राट' हा अनुवाद नव्हे आणि लिअरची बदली प्रतही नव्हे. शिरवाडकरांनी लिअरचा एकच धागा उचलला. सर्वस्व मुलांना देऊन टाकणारा बाप त्यांनी घेतला, आणि ग्लॉस्टर, युद्ध, राज्य हे सारे सोडून दिले. शेक्सपिअरच्या नाटकात मुलींची आई कुठेच दिसत नाही, इथे मात्र कावेरी आहे. तीमुळे ते दुःख मराठी घराचे झाले. परंतु याच जिव्हाळ्यातून एक धोकाही संभवतो. 'नटसम्राट' मनात मुरलेला वाचक लिअरकडे जातो, तेव्हा कृतघ्न मुले आणि बिचारा बाप एवढेच तो शोधू लागतो. शेक्सपिअरच्या नाटकात पहिली चूक बापाची आहे. त्याने प्रेमाचा लिलाव मांडला, आणि जी मुलगी बोली लावायला तयार झाली नाही तिला त्याने घराबाहेर काढले. ब्रूकच्या प्रयोगात तर लिअरचे शंभर सरदार खरोखरच धिंगाणा घालतात आणि गॉनरिलची तक्रार निराधार वाटत नाही. 'रान'मध्ये बापाच्या पापांचा हिशेबच मांडला आहे.

म्हणजे आवृत्तीची निवड ही निव्वळ पुस्तकाच्या दुकानातील निवड राहत नाही. दोष कोणाचा, या प्रश्नाचे उत्तरही तिच्यासोबत निवडले जाते. पालकांना स्वाभाविकच तो लिअर आवडतो ज्यात मुले दोषी आहेत. मुलांना तो आवडतो ज्यात बाप हेकट आहे. म्हणून घरात एकच लिअर असू नये. पालकांनी एकदा तरी ब्रूकचा अथवा कुरोसावाचा लिअर पाहावा, आणि मोठ्या मुलांनी एकदा तरी 'नटसम्राट' मन लावून पाहावा. जो लिअर आपल्या बाजूचा नाही, तो पाहण्यातच लाभ अधिक.

क्रम कोणता ठेवावा? आठवी-नववीच्या मुलाला लॅम्बची गोष्ट द्यावी, आणि त्यानंतर करंदीकरांच्या अनुवादातील पहिला प्रवेश घरी भूमिका वाटून मोठ्याने वाचावा. वाटणीचा तो प्रवेश घरातल्या माणसांच्या तोंडून ऐकला, की कॉर्डेलियाच्या मौनाचे वजन मुलाला न समजावता समजते. त्यानंतर कोझिंत्सेव्हचा चित्रपट पाहावा. डोळे काढण्याचा प्रसंग बहुतेक चित्रपटांत आहे, म्हणून पालकांनी तो आधी स्वतः पाहून ठेवणे इष्ट. 'रान'मधील गढीचा संहार महाविद्यालयीन वयासाठी राखून ठेवावा. इंग्रजी संहिता अखेरीस हाती घ्यावी, आणि तीही टिपा असलेली. कथा, अनुवाद आणि दृश्य मनात मुरल्यावर ती भाषा भीती घालत नाही. मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्याला हा क्रम उतरता नव्हे, चढता वाटला पाहिजे.

शेवटी पुन्हा त्या निनावी नोकराकडे यावे लागते. टेटच्या गोड लिअरमध्ये, लॅम्बच्या गोष्टीत, 'रान'मध्ये, 'नटसम्राट'मध्ये तो कुठे बदललेला आहे, तर कुठे मुळीच नाही. परंतु 1608 च्या आणि 1623 च्या दोन्ही पाठांत तो आहे. त्याच्या वाट्याला जेमतेम काही ओळी आहेत. तो राजा नाही, राजपुत्र नाही, विद्वान नाही. समोर अन्याय चालला असता आजवर ज्याचे मीठ खाल्ले त्या धन्याला तो थांबायला सांगतो आणि प्राण देतो. त्याच्या एका वाराने कॉर्नवॉल जातो आणि दुष्टांच्या फळीत पहिली फट पडते.

साठ वर्षांत एखादी शाळा किती नामवंत घडवते हे स्मरणिकेच्या पानांवरून मोजता येते. त्या नोकरासारखी माणसे तिने किती घडवली, याची नोंद कोणत्याही स्मरणिकेत होत नाही, कारण त्यांना नाव नसते. परंतु कुठल्याही भाषेतला, कुठल्याही पाठातला लिअर मुलांच्या हाती देताना पालकांनी ती एक जागा उघडून दाखवावी आणि विचारावे, की तिथे उभा असतास तर तू काय केले असतेस. उत्तर लगेच येणार नाही. कॉर्डेलियालाही लगेच उत्तर देता आले नव्हते. मुलाने थोडा वेळ गप्प राहिले, तर ते मौन तोडण्याची घाई करू नये. लिअरने नेमकी तीच घाई केली होती.